माळ्यावरचं भिंग

दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरून काय काय निघतं, ते तुम्हांला वेगळं सांगायला नको. आमच्याकडे यंदा दोन काळवंडलेल्या समया, लोणच्याची तडा गेलेली बरणी आणि मामंजींचा झेनिट कॅमेरा निघाला. चामड्याची पेटी भेगाळलेली, आतला पडदा अडकलेला. "देऊन टाक भंगारवाल्याला," असं हे म्हणाले, आणि मीही समयांबरोबर तो बाजूला काढून ठेवला होता.

मामंजी शिक्षक. फोटो काढणं हा त्यांचा नाद. माढ्यातली कितीतरी लग्नं, मुंजी, बारशी त्यांनी याच कॅमेऱ्याने टिपली. पण गंमत बघा, सासूबाईंचा एकट्याचा म्हणून एकही फोटो घरात नाही. घरात वडीलधारी माणसं असताना नवऱ्यासमोर नटूनथटून उभं राहायचं, म्हणजे त्या काळी लाजच की! आता मामंजी नाहीत, आणि सासूबाई पंच्याहत्तरीच्या.

भाऊजींनी कॅमेरा हातात घेतला आणि पुढची लेन्स आट्यांवर फिरवून चक्क बाटलीच्या झाकणासारखी काढली. म्हणाले, "वहिनी, कॅमेरा मेलाय, पण डोळा शाबूत आहे." लेन्सचं नाव हेलिओस 44-2, लांबी 58 मि.मी. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातली. हिची मूळ रचना झाइस या जर्मन कंपनीच्या बायोटार लेन्सची. अशा जुन्या लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवण्याची हौस जगभर आहे, हे मला तेव्हा कळलं.

लगेच भाऊजींच्या निकॉनवर प्रयोग झाला. मधे बसवायचं कडं मागवलं, काही शे रुपयांचं. कडं बसलं, फोटोही निघाला. सासूबाईंच्या हातातली सुई स्पष्ट, पण दारातला कडुनिंब मात्र पुसट! काही केल्या लांबचं दिसेना. लेन्स खराब म्हणून मी तर आशाच सोडली.

शाळेत मी अर्धवेळ शिकवते, विषय इतिहास. विज्ञानाच्या बाईंना विचारलं, तेव्हा कोडं सुटलं. लहानपणी उन्हात भिंग धरून कागद जाळायचा खेळ आपण सगळ्यांनी केलाय. भिंग जरा वरखाली झालं की ठिपका पसरतो, कागद पेटत नाही. इथेही तेच. लेन्स जिथे टेकते तिथपासून फिल्मपर्यंतचं अंतर झेनिटमध्ये 45.46 मि.मी. निकॉनच्या आरसा असलेल्या कॅमेऱ्यात ते आधीच 46.5, म्हणजे मिलिमीटरभर जास्त. वर कड्याची जाडी. तिथे लांबचं स्पष्ट दिसायचं तर कड्यात आणखी एक छोटं भिंग लागतं, आणि त्याने चित्राची धार थोडी बोथट होते. कॅननच्या तशाच कॅमेऱ्यात हे अंतर 44. राहिलेली दीड मिलिमीटरची फट पातळ कड्याने बरोब्बर भरते. हल्लीच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत अंतर 16 ते 20 मि.मी.च असल्याने लांबोडकं कडं लावून बहुतेक सगळ्या जुन्या लेन्स चालतात.

तेव्हा कडं मागवण्याआधी कॅमेरा कुठला ते नीट सांगा, नाहीतर माझ्यासारखे पैसे दोनदा जातील.

"कशाला ही उचापत, मोबाइल आहे ना?" हे पुटपुटलेच. मी म्हटलं, आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीने 1918 साली अख्खा सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी घडवला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' काढला. मी तर नुसतं एक कडं बसवतेय!

बसवण्याआधी लेन्समधून बॅटरीचा उजेड पाडून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. आमच्या माढ्याची हवा कोरडी, म्हणून आमची वाचली. कोकणातल्या मैत्रिणींनी जास्त जपावं. चामड्याच्या पेटीत ओल धरते, म्हणून लेन्स बाहेर काढून घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी. आणि कृपा करून पदराने पुसू नका! आधी रबरी फुग्याने धूळ उडवायची, मगच मऊ फडकं. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली, पंखा बंद.

शेवटी भाच्याचा जुना कॅनन आणला. जुन्या लेन्सची भाषा त्याला कळत नाही, म्हणून त्याचा काटा 'ए-व्ही'वर ठेवला. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात 'लेन्स नसतानाही फोटो घे' अशी आज्ञाही आधी द्यावी लागते. बाकी सगळं हाताने. पडद्यावर चित्र दहापट मोठं करून डोळ्यांची पापणी स्पष्ट दिसेपर्यंत कडं फिरवायचं. लहान सेन्सरवर ही लेन्स जवळजवळ 90 मि.मी.सारखी वागते, त्यामुळे स्वयंपाकघरात मला पाठ भिंतीला टेकवूनही जागा पुरेना. सासूबाईंना ओसरीवर बसवलं, कडेने सकाळचं ऊन येईल असं.

"यांच्याच कॅमेऱ्याची का गं ती काच?" त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर पदर सारखा केला आणि माझ्याकडे नाही, सरळ लेन्सकडे बघितलं.

संध्याकाळी पडद्यावर फोटो दाखवला. मागचा कडुनिंब विरघळल्यासारखा मऊ, आणि चेहऱ्यावरची रेष न् रेष दिसतेय. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कपाळावर केस आलेत. उद्या परत काढ."