डिशवॉशरची नळी उंच का हवी?

धुऊन निघालेल्या ताटांना सिंकचा वास येतोय? मशीनला दोष देण्याआधी ओट्याखाली वाकून पाहा. सांडपाण्याची नळी जमिनीवर लोळत सिंकच्या पाइपाला जोडलेली असेल, तर सिंक तुंबल्यावर खरकटे पाणी मागे फिरून मशीनमध्ये, थेट धुतलेल्या भांड्यांवर येऊ शकते. म्हणून ही नळी आधी ओट्याच्या तळाला टेकेल इतकी वर न्यायची, तिथे पक्की बांधायची आणि मगच खाली आणायची. जोड मात्र सिंकखालच्या वाकड्या पाइपाच्या, म्हणजे ट्रॅपच्या, अलीकडे हवा. ट्रॅपमध्ये साचलेले पाणी गटाराचा वायू अडवते. जोड पलीकडे दिला, तर नळीला ते संरक्षण उरत नाही. काही प्लंबर नळी सरळ मोरीच्या जाळीत सोडून मोकळे होतात. तसे करू देऊ नका. टोक खाली राहिले, की वक्रनलिकेच्या तत्त्वाने धुणे चालू असतानाच पाणी ओढले जाते. झुरळांना वाट मिळते ती वेगळीच.

सर्वांत वरच्या मजल्यावरच्यांची अडचण येणाऱ्या पाण्याची. टाकी नळापेक्षा ३ मीटर उंच असेल, तर दाब जेमतेम ०.३ बार. काही मशीनना तो पुरत नाही. पुस्तिकेतला आकडा खरेदीआधीच बघा.