ऑटोपायलट जहाज चालवतो, पण समोर पाहत नाही

कोकणातल्या आपल्या कित्येक घरांत कुणाचे अब्बा, कुणाचे चाचा जहाजावर नोकरीला असतात. वर्गात एकदा हा विषय निघाला, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "सर, अब्बांना आता काम काय? जहाज तर ऑटोपायलटच चालवतो." म्हटले, आधी तो कसा चालवतो ते पाहू.

‘सुकाणू’ हा शब्द अरबी ‘सुक्कान’वरून आला. पूर्वी सुकाणी होकायंत्राकडे पाहत चाक फिरवी. ऑटोपायलट तेच करतो. समजा, थेट पूर्वेला, म्हणजे ९० अंशांवर जायचे आहे आणि जहाजाचे तोंड ९४ अंशांवर गेले. यंत्र सुकाणू डावीकडे वळवते. पण जड जहाज वळू लागले की चटकन थांबत नाही. म्हणून ते किती वेगाने वळते आहे हे पाहून यंत्र आधीच उलट सुकाणू देते. वारा एकाच बाजूने रेटत असेल, तर सुकाणू थोडे तिरकेच धरून ठेवते. कसलेला सुकाणी हेच करतो. निकोलस मिनॉर्स्की या अभियंत्याने १९२२ साली ते गणितात मांडले.

मात्र दिशा धरणे वेगळे आणि वाट धरणे वेगळे. तोंड पूर्वेलाच असले तरी पाण्याचा प्रवाह जहाजाला बाजूला नेतो. म्हणून ऑटोपायलटला जीपीएस जोडतात. पण जीपीएसच चुकले तर?

जून १९९५ मध्ये ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला निघाले. थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची तार निसटली. यंत्र बंद पडले नाही. वेग आणि दिशेवरून अंदाजाने जागा दाखवू लागले. पडद्यावर तशी खूण होती, पण बारीक अक्षरांत. ऑटोपायलट इमानाने त्या अंदाजामागे जात राहिला. शेजारचे दुसरे यंत्र खरी जागा दाखवत होते; ते कुणी ताडून पाहिले नाही. टेहळ्यांनी अनपेक्षित दिवे दिसल्याचे सांगितले, तरी भरवसा पडद्यावरच राहिला. सुमारे ३४ तासांनी, १० जूनच्या रात्री, जहाज अमेरिकेतील नॅनटकेट बेटाजवळ वाळूत रुतले. ते वाटेपासून १७ मैल बाजूला होते. जहाजावर दीड हजारांवर माणसे होती. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

मी त्या मुलाला म्हटले, "अब्बांचा फोन आला की विचार, वॉचवर असताना ते काय काय पाहतात."

दोन दिवसांनी तो वहीत यादी घेऊन आला: रडार, कंपास, पाण्याची खोली, दीपगृहाचा दिवा. सगळ्यात वर लिहिले होते, "खिडकीतून बाहेर."