हेलिकोबॅक्टर पायलोरी

मानवी जठराच्या श्लेष्मल अस्तरात दीर्घकाल वास्तव्य करणारा, सर्पिल आकाराचा, ग्रॅम-अव्यक्त (ग्रॅम यांच्या रंजनक्रियेत मूळ जांभळा रंग टिकवून न धरणारा) सूक्ष्मजंतू. त्याची लांबी सु. २·५ ते ४ मायक्रोमीटर असून एका टोकास आवरणयुक्त अशा ४ ते ६ कशाभिका (हालचालीस उपयोगी पडणारे चाबकासारखे धागे) असतात. त्यास ऑक्सिजन लागतो, परंतु हवेतील प्रमाणापेक्षा पुष्कळच कमी. संसर्ग बहुधा बालपणी, घरातील माणसांच्या निकट सहवासात होतो व उपचार न केल्यास बहुतेकांत आयुष्यभर टिकतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस जगातील सु. निम्म्या लोकांच्या जठरात हा सूक्ष्मजंतू असावा असा अंदाज होता. त्यानंतर अनेक देशांत हे प्रमाण घटत गेले आहे. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे (रोगप्रतिकारक प्रथिने) तयार करते, अस्तरात श्वेत कोशिकाही गोळा होतात; तरीही त्याचे उच्चाटन होत नाही. वैद्यकाच्या दृष्टीने या सूक्ष्मजंतूचे खरे वैशिष्ट्य हेच होय.

शोध : तीव्र अम्लामुळे जठरात सूक्ष्मजंतू टिकूच शकत नाहीत, असा दीर्घकाळ समज होता. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील विकृतिवैज्ञानिक रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये जठरशोथ (जठराच्या अस्तराची दाहयुक्त सूज) झालेल्या रुग्णांच्या ऊतकांत वक्राकार सूक्ष्मजंतू आढळले. बॅरी मार्शल यांच्या सहकार्याने त्यांचे संवर्धन करण्याचे प्रयत्न सुरू झाले, पण संवर्धनाच्या बशा दोन दिवसांनी टाकून दिल्या जात असल्याने काहीच हाती लागत नव्हते. एप्रिल १९८२ मध्ये ईस्टरच्या सुटीमुळे बशा सु. ५ दिवस तशाच राहिल्या व त्यांत वाढ दिसून आली. मार्शल यांनी १९८४ मध्ये हे संवर्धन स्वतः पिऊन आपल्या निरोगी जठरात शोथ निर्माण होतो हे दाखविले. प्रथम कँपिलोबॅक्टर प्रजातीत घातलेल्या या जातीस १९८९ मध्ये आताचे नाव मिळाले. वॉरन व मार्शल यांना २००५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

अम्लापासून संरक्षण : या सूक्ष्मजंतूत यूरिएज हे निकेलयुक्त एंझाइम विपुल असते. त्याच्या क्रियेने यूरियापासून अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतात आणि अमोनियामुळे सभोवतालच्या अम्लाचे उदासिनीकरण होते. अम्लता वाढली की सूक्ष्मजंतूच्या पटलातील यूरियाची वाट उघडते व अम्लता घटली की ती मिटते. त्यामुळे अमोनिया गरजेपुरताच तयार होतो. अम्लता कमी झाल्यावर दाट श्लेष्मा पातळ होतो आणि कशाभिकांच्या साहाय्याने सूक्ष्मजंतू कोशिकास्तराजवळ पोहोचतो. बहुसंख्य सूक्ष्मजंतू श्लेष्म्यातच राहतात, म्हणजे रक्तातून येणाऱ्या भक्षिकोशिकांच्या (जंतू गिळणाऱ्या कोशिकांच्या) सहज आवाक्यात नसतात.

प्रतिरक्षेची चुकवणूक : ग्रॅम-अव्यक्त सूक्ष्मजंतूंच्या बाह्य पटलातील मेद-बहुशर्कराइड हा रेणू शरीरास धोक्याची पहिली सूचना देतो. हेलिकोबॅक्टरमध्ये या रेणूच्या मेदभागातील फॉस्फेट गट काढून टाकलेले असतात व वसाम्लांच्या शृंखलाही कमी असतात. त्यामुळे तो ओळखणारे ग्राही (संदेश स्वीकारणारे रेणू) अगदी क्षीण प्रतिसाद देतात. शिवाय धनभारित जंतुनाशक पेप्टाइडांना पटलावर पकड मिळत नाही. कशाभिकांच्या प्रथिनातही असाच बदल आहे. इतर सूक्ष्मजंतूंत या प्रथिनाचा जो भाग ग्राहीस ओळखू येतो, तोच येथे निराळा आहे आणि तरीही कशाभिकेच्या कार्यात बाधा येत नाही.

याच मेद-बहुशर्कराइडाच्या बाहेरील टोकास लुईस प्रतिजनांसारख्या शर्कराशृंखला असतात. हे प्रतिजन रक्तगटांशी संबंधित असून मानवी जठराच्या अस्तरावरही आढळतात. म्हणून सूक्ष्मजंतू यजमानाचेच रूप धारण करतो असे म्हटले जाते. मात्र यजमानाचा व सूक्ष्मजंतूचा लुईस प्रकार नेहमी जुळतोच असे नाही, त्यामुळे या नकलेला सर्व श्रेय देणे घाईचे ठरेल. तिचा दुसरा उपयोग अधिक निश्चित दिसतो. या शर्करा शाखायुक्त कोशिकांवरील (प्रतिजनाची ओळख करून देणाऱ्या कोशिकांवरील) एका ग्राहीस चिकटतात आणि प्रतिसादाची आक्रमक दिशा सौम्य करतात. शर्करा जोडणाऱ्या एंझाइमांच्या जीनांमध्ये एकाच घटकाच्या लांब पुनरावृत्ती असतात. प्रतिकृती होताना त्यांची संख्या चुकून कमीजास्त होते व जीन बंद अथवा चालू होतो. अशा रीतीने एकाच जठरात निरनिराळ्या शर्करा धारण करणारी संतती सतत निर्माण होत राहते.

भक्षिकोशिकांपासून बचावाचे मार्गही अनेक आहेत. कॅटॅलेज व सुपरऑक्साइड डिसम्यूटेज ही एंझाइमे त्यांनी सोडलेली ऑक्सिडीकारक द्रव्ये निष्प्रभ करतात. आर्जिनेज हे एंझाइम आर्जिनीन संपवून टाकते व त्यामुळे जंतुनाशक नायट्रिक ऑक्साइड पुरेसे बनत नाही. यजमानाच्या कोशिकापटलातील कोलेस्टेरॉल काढून त्यास ग्लुकोज जोडण्याची क्रिया तर विशेष नवलाची आहे. जास्त कोलेस्टेरॉल असलेला सूक्ष्मजंतू एरवी लवकर गिळला जातो, पण ग्लुकोज जोडल्यावर हा धोका टळतो, असे २००६ मध्ये दाखविण्यात आले.

टी लसीका कोशिका या प्रतिकाराच्या सूत्रधार होत. सूक्ष्मजंतूने स्रवलेले व्हॅकए हे विष त्यांच्यात शिरून इंटरल्यूकिन-२ या वाढीच्या संदेशाची निर्मिती रोखते. गॅमा-ग्लुटामिल ट्रान्सपेप्टिडेज हे एंझाइम त्यांना लागणारे ग्लुटामीन नष्ट करून विभाजन थांबविते. याशिवाय प्रतिसादास आवर घालणाऱ्या नियामक टी कोशिकांची संख्या वाढते.

परिणाम : प्रतिकार पूर्णपणे दडपला जात नाही, तो निष्फळ अवस्थेत धुमसत राहतो आणि इजा मुख्यतः त्यातूनच होते. कॅगए हे प्रथिन अस्तराच्या कोशिकांत टोचणारे वाण अधिक तीव्र शोथ निर्माण करतात. बहुतेकांना लक्षणे जाणवत नाहीत, पण काहींना जठरात वा आद्यांत्रात (लहान आतड्याच्या पहिल्या भागात) व्रण होतात व थोड्यांना जठराचा कर्करोग होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या संसर्गाची गणना निश्चित कर्ककारकांत केली. भारतात संसर्ग विपुल असूनही, मिझोराम वगळता, या कर्करोगाचे प्रमाण त्या मानाने कमी आहे. याचे सर्वमान्य स्पष्टीकरण मिळालेले नाही.

उपचारात दोन वा अधिक प्रतिजैव पदार्थ व अम्लस्राव रोखणारे औषध एकत्र देतात. क्लॅरिथ्रोमायसीनला दाद न देणाऱ्या वाणांमुळे ते अवघड होत चालले आहेत. चीनमध्ये मुलांवर केलेल्या चाचणीत यूरिएजवर आधारित तोंडाने घ्यावयाच्या लशीने पहिल्या वर्षात सु. ७२ टक्के संरक्षण दिल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. नैसर्गिक संसर्गानंतरही जेथे टिकाऊ प्रतिरक्षा निर्माण होत नाही, तेथे लशीने ती कशी निर्माण करावी हा प्रश्न मात्र शिल्लक आहे.