रोस्टर त्यांचे, रोस्टर आपले!

'रोस्टर' हा शब्द कानावर पडला की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे बिंदुनामावली उभी राहते. कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा, अनुशेष किती वर्षांचा, बढती कुणाची अडवली, हे सारे आपण त्या एका शब्दात वाचतो. २०१८ साली विद्यापीठांत विभागनिहाय रोस्टर आणून आपल्या प्राध्यापकांच्या जागा गिळण्याचा डाव झाला, तेव्हा बहुजन समाज रस्त्यावर उतरला आणि २०१९ मध्ये सरकारला कायदा करून तो डाव गुंडाळावा लागला. रोस्टर हा आपल्यासाठी भाकरीचा आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे.

अमेरिकेतही रोस्टरवर वाद होतो. घराघरात, कचेरीत, दारूच्या गुत्त्यात होतो. तिथे रोस्टर म्हणजे फुटबॉल संघाची ५३ खेळाडूंची यादी. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. तिथला चेंडू लांबट असतो, हातात धरून पळतात, अंगावर चिलखत आणि डोक्यावर शिरस्त्राण घालून एकमेकांवर आदळतात. या खेळाची 'नॅशनल फुटबॉल लीग' ही जगातली सर्वांत श्रीमंत क्रीडासंस्था मानली जाते. आपल्याकडे एप्रिलमध्ये भीमजयंतीचे मंडप उतरतात, त्याच महिन्याच्या शेवटी तिकडे 'ड्राफ्ट' भरतो. महाविद्यालयांतून खेळून आलेल्या पोरांची व्यावसायिक संघ निवड करतात. २०२४ साली डेट्रॉइट शहरात हा सोहळा तीन दिवस चालला आणि सात लाखांहून अधिक माणसे लोटली. सामना नाही, धाव नाही, गोल नाही. फक्त कोणत्या संघाने कुणाला निवडले, हे ऐकायला एवढी गर्दी!

कुणी म्हणेल, या खेळाशी आपल्या चळवळीचा संबंध काय? संबंध आहे. आपल्या तोंडावर पन्नास वर्षे जो 'मेरिट'चा दगड फेकला जातो, त्या मेरिटची पोल याच खेळाने उघडी पाडली आहे.

आधी ड्राफ्टचा नियम बघा. ३२ संघ, सात फेऱ्या. पहिली निवड कुणाची? गेल्या मोसमात सर्वांत वाईट खेळलेल्या संघाची! त्यानंतर त्याच्याहून थोड्या बऱ्या संघाची. जो संघ विजेता ठरला, त्याचा नंबर प्रत्येक फेरीत शेवटी, बत्तिसावा. म्हणजे दुबळ्याला पहिला घास, धट्ट्याला शेवटचा. फिलाडेल्फिया ईगल्स या तेव्हाच्या दुबळ्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ साली हा ठराव मांडला आणि १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. बेल यांचे म्हणणे साधे होते. चांगले खेळाडू दरवर्षी श्रीमंत आणि जिंकणाऱ्या संघांकडेच जाणार असतील, तर दुबळे संघ कायमचे दुबळे राहतील आणि एक दिवस सगळा खेळच बुडेल. भांडवलशाहीच्या त्या पंढरीत, गडगंज मालकांनी हे मान्य केले. गेली नव्वद वर्षे ते चालू आहे.

त्या नव्वद वर्षांत 'गुणवत्तेचा खून झाला' म्हणून विजेत्या संघाच्या चाहत्यांनी हातात झाडू घेऊन रस्ते झाडल्याचे ऐकिवात नाही. आपल्याकडे २००६ साली केंद्रीय शिक्षणसंस्थांत ओबीसींना २७ टक्के आरक्षण द्यायचे ठरले, तेव्हा भावी डॉक्टरांनी बूटपॉलिश करून आणि रस्ते झाडून निषेध केला होता. ज्या कामांना आमच्या बापजाद्यांना जन्माने जुंपले, ती कामे त्यांच्या लेखी निषेधाची थट्टा होती! त्याच मंडळींच्या घरांतली पोरे पुढे अमेरिकेत गेली. दुबळ्या संघाला पहिली पाळी मिळते, हा नियम त्यांना तिथे न्याय्य वाटतो आणि गावाकडच्या आरक्षणावर मात्र ती नाक मुरडतात. याला काय म्हणावे?

भाबडेपणा नको म्हणून हेही सांगितले पाहिजे. ड्राफ्ट म्हणजे सामाजिक न्याय नव्हे. तो मालकांनी मालकांसाठी केलेला सौदा आहे. खेळाडूला आपला संघ निवडण्याचा हक्क त्यात नसतो. ज्याने नाव पुकारले त्याच्याकडे जायचे. मुद्दा एवढाच की, स्पर्धा खरी ठेवायची तर मागे पडलेल्याला आधी संधी द्यावी लागते, हे तत्त्व नफ्याच्या हिशेबानेसुद्धा खरे ठरते. मग ते माणुसकीच्या हिशेबाने खोटे कसे?

आता चाहत्यांचा वाद ऐका. दरवर्षी तोच. एक गट म्हणतो, आपल्या संघात जे भोक आहे ते बुजवा. बचाव फुटका आहे, बचावाचा खेळाडू घ्या. दुसरा गट म्हणतो, गरज बघू नका, यादीत उरलेल्यांपैकी जो सर्वांत चांगला तो उचला. दोन्ही गट आकडे फेकतात. कोण चाळीस यार्ड किती सेकंदांत पळाला, कुणाचा पंजा किती लांब, कुणी किती वजन उचलले. आणि एवढे मोजूनही अंदाज किती चुकतात? टॉम ब्रेडी २००० साली १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि सात अजिंक्यपदे जिंकून निवृत्त झाला. ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये सर्वांत शेवटी, २६२ वा निवडला गेला आणि दोनच वर्षांत अंतिम सामन्यात संघ घेऊन उतरला. उलट पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाचे कितीतरी हिरे काचेचे निघाले. गुणवत्ता आधी मोजता येत नाही. संधी मिळाल्यावर ती दिसते.

परंतु अंदाज चुकणे वेगळे आणि ठरवून चुकणे वेगळे. १९३४ ते १९४५ या बारा वर्षांत या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम नव्हता. मालकांचा आपसातला समज होता. आपल्या देशातल्या कितीतरी गोष्टींप्रमाणे! केनी वॉशिंग्टन हा १९३९ साली महाविद्यालयीन फुटबॉलमधला देशातला अव्वल खेळाडू. त्याला कुणीही निवडले नाही. १९४६ मध्ये लीगचे दार उघडले तेव्हा तो २८ वर्षांचा होता आणि गुडघे शस्त्रक्रियांनी खिळखिळे झाले होते. दार तरी कसे उघडले? लॉस एंजेलिसचे भव्य मैदान जनतेच्या पैशाने बांधलेले होते. कृष्णवर्णीय पत्रकारांनी सवाल केला की, आमच्या कराच्या पैशाचे मैदान आणि आम्हालाच बंदी? तेव्हा संघाने वॉशिंग्टनला घेतले. सर्वांत शेवटी नमला तो राजधानीचा वॉशिंग्टन संघ. तेथील मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल अडून बसला. १९६१ साली केनेडी सरकारचे मंत्री स्टुअर्ट उडाल यांनी बजावले की, नवे मैदान सरकारी जमिनीवर आहे, भेदभाव चालू राहिला तर ते मिळणार नाही. १९६२ च्या मोसमात कृष्णवर्णीय खेळाडू संघात आले. मालकाचे हृदयपरिवर्तन झाले नाही. सरकारने नाक दाबले म्हणून तोंड उघडले. बाबासाहेबांनी हृदयपरिवर्तनाच्या भरवशावर न राहता घटनेत तरतुदी का केल्या, याचे उत्तर इथे आहे.

दार उघडले तरी माजघरात प्रवेश नव्हता. या खेळात 'क्वार्टरबॅक' म्हणून एक जागा असते. प्रत्येक डावात चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि तो कुणाकडे द्यायचा हे तो ठरवतो. थोडक्यात, मैदानावरचा सेनापती. कृष्णवर्णीयाने पळावे, धडक द्यावी, मार खावा. पण डोके चालवायचे काम गोऱ्याचे! महाविद्यालयात क्वार्टरबॅक असलेल्या काळ्या पोराला व्यावसायिक संघात आल्याबरोबर दुसऱ्या जागेवर ढकलत. चाहत्यांच्या आणि निवडकर्त्यांच्या बोलण्यातही हीच वर्णव्यवस्था. गोरा खेळाडू 'हुशार', 'अभ्यासू', काळा खेळाडू 'निसर्गतः चपळ'. एकाला बुद्धी, दुसऱ्याला फक्त शरीर. हा विचार आपल्याला ओळखीचा वाटत नाही काय?

मार्लिन ब्रिस्को हा १९६८ साली डेन्व्हरने चौदाव्या फेरीत बचावपटू म्हणून घेतलेला खेळाडू. मला एकदा क्वार्टरबॅक म्हणून आजमावून बघा, अशी अट त्याने घातली होती. संघाचा मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी झाला, त्याची पाळी आली आणि त्याने त्या मोसमात १४ टचडाउन पास फेकले. नवख्यासाठी मोठा पराक्रम. बक्षीस काय? पुढच्या वर्षी त्याला संधीच दिली नाही. तो बफेलोला गेला, चेंडू झेलणारा झाला आणि तिथेही नाव काढले. वॉरन मून याने जानेवारी १९७८ मध्ये रोझ बोल हा मानाचा सामना गाजवला. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये बारा फेऱ्या झाल्या, पण त्याचे नाव कुणी पुकारले नाही. जागा बदलायला त्याने नकार दिला आणि कॅनडा गाठला. तिथे ओळीने पाच अजिंक्यपदे जिंकली, तेव्हा १९८४ मध्ये अमेरिकेला त्याची गुणवत्ता दिसली! २००६ साली त्याचा खेळाच्या मानकऱ्यांत समावेश झाला. आणि ३१ जानेवारी १९८८ रोजी डग विल्यम्स हा अंतिम सामना जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. कोणत्या संघाकडून? ज्या वॉशिंग्टनने सर्वांत शेवटी दार उघडले त्याच्याकडून. आणि कुणाविरुद्ध? ब्रिस्कोला बाजूला सारणाऱ्या डेन्व्हरविरुद्ध, ४२-१० असा!

हा जुना इतिहास आहे असे कुणी म्हणू नये. २०१८ साली लमार जॅक्सनबाबत बिल पोलियन या नामवंत माजी व्यवस्थापकाने सल्ला दिला की, याने क्वार्टरबॅक न राहता चेंडू झेलणारा व्हावे. जॅक्सनने ऐकले नाही. पहिल्या फेरीत सर्वांत शेवटी, ३२ वा निवडला गेला आणि २०१९ च्या मोसमात सर्वोत्तम खेळाडूचा किताब एकमताने जिंकला. पोलियन यांनी मग चूक कबूल केली. २०२३ च्या ड्राफ्टपूर्वी सी. जे. स्ट्राउड याच्या एका बौद्धिक चाचणीचे गुण फुटले आणि ते फार कमी असल्याचे छापून आले. चाहत्यांनी त्याची अक्कल काढली. त्याच मोसमात तो आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. प्रवेश परीक्षेतल्या दोन-चार गुणांवरून आपल्या लेकरांची लायकी ठरवणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवावे.

सर्वांत किळसवाणी गोष्ट तर पुढेच आहे. डोक्याला वर्षानुवर्षे मार बसून मेंदू निकामी झालेल्या माजी खेळाडूंना लीगने भरपाई कबूल केली. ती ठरवताना अशी पद्धत वापरली गेली की, काळ्या माणसाची बुद्धी मुळातच कमी धरायची. मग त्याचा मेंदू खरोखर किती बिघडला हे सिद्धच होईना! दोन माजी खेळाडू न्यायालयात गेले, बोभाटा झाला, तेव्हा २०२१ मध्ये लीगने ही पद्धत बंद करण्याचे मान्य केले. मनूने जन्मावरून बुद्धी ठरवली. इथे कोष्टकाने ठरवली. फरक काय?

आपल्याकडे असे घडले नाही काय? पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला महान गोलंदाज. पुण्यात सवर्ण सहकाऱ्यांसोबत खेळायचा, पण चहा मैदानाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. गोलंदाजी चालली, कर्णधारपद मात्र हिंदू संघाने त्याला कधीच दिले नाही. ते १९२३ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, हा भाग वेगळा. पण मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय हा त्यांच्या जातीवर झालेला अन्याय होता.

आज अमेरिकेत चित्र पालटले आहे. फेब्रुवारी २०२३ च्या अंतिम सामन्यात प्रथमच दोन्ही सेनापती कृष्णवर्णीय होते, पॅट्रिक महोम्स आणि जेलन हर्ट्स. मैदान जिंकले. पण मैदानाबाहेर? निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय असलेल्या या लीगमध्ये एकाही संघाचा मुख्य मालक आजवर कृष्णवर्णीय झालेला नाही. प्रशिक्षकपदासाठी अल्पसंख्य उमेदवाराची निदान मुलाखत घ्यावी, असा 'रूनी नियम' २००३ साली केला. तर २०२२ मध्ये ब्रायन फ्लोरेस या प्रशिक्षकाने दावा दाखल केला की, माणूस आधीच ठरला होता, माझी मुलाखत हा निव्वळ देखावा होता. आपल्या प्राध्यापकांना मुलाखतीला बोलावून 'नॉट फाउंड सुटेबल' असा शेरा मारणाऱ्या समित्या आठवल्या ना?

म्हणून चाहत्यांच्या त्या वादात एक प्रश्न कुणी विचारत नाही, तो आपण विचारला पाहिजे. कुणाला निवडायचे, हा दुसरा प्रश्न. निवडणारा कोण, हा पहिला प्रश्न! फूटपट्टी ज्याच्या हातात, गुणवत्ता त्याच्या घरात. बाबासाहेबांनी मोक्याच्या जागांचे महत्त्व उगाच सांगितले नव्हते. आपली पोरे परीक्षा देतात, यादीत येतात, अभिमान आहे. पण निवड समितीच्या टेबलाच्या त्या बाजूला आपली माणसे किती आहेत? बिंदुनामावलीतला एक बिंदू भरला म्हणून समाधान मानून चालणार नाही. नामावली लिहिणारी लेखणी हातात येईपर्यंत हा सामना संपलेला नाही.