तूस जाळावे की कोळसा करावा?

धानाच्या जिल्ह्यात तूस म्हणजे जळण, हे समीकरण पक्के आहे. गोंदियाला खेटून असलेल्या कुडव्याच्या आसपास धानाची भरडाई झाली की वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस म्हणून उरतो आणि राईस मिलच्या बॉयलरमध्ये जातो. हेच तूस इलेक्ट्रॉनिक यंत्रांना परस्परांच्या विद्युतचुंबकीय लहरींपासून वाचवू शकते, आणि त्यासाठी ते राखून ठेवण्याजोगे आहे. इन्व्हर्टर, मोबाइल, रुग्णालयातले मॉनिटर यांच्यासाठी आजचा रूढ उपाय धातूच्या पेटीचा. तो चांगलाच प्रभावी आहे: 1 गिगाहर्ट्झची लहर तांब्यात अवघ्या 2 मायक्रोमीटरवर मंदावते. पण धातू लहर मुख्यतः परतवून लावतो. परतलेली लहर शेजारच्या यंत्राला गाठते, आणि पेटीतल्याच सर्किटमधून निघालेली लहर आतल्या आत घुमत राहते. म्हणून लहर गिळून तिची उष्णता करणारे पदार्थ हवेत.

तूस मोकळ्या हवेत जाळले तर जवळपास सगळा कार्बन उडून जातो आणि मुख्यतः सिलिकाची राख उरते. ती इथे निरुपयोगी. हवा तोडून तापवले तर कार्बन टिकतो. लहरीच्या विद्युतक्षेत्राने कार्बनमधले इलेक्ट्रॉन हलतात, अडखळतात आणि ऊर्जा उष्णतेत जिरते. सिलिका वीजरोधक, तेव्हा तो आड येणार असे वाटते. प्रत्यक्षात तोच उपकारक ठरू शकतो, कारण पदार्थ फारच सुवाहक असला तर लहर पृष्ठभागावरूनच माघारी फिरते. मलेशियाच्या पर्लिस विद्यापीठात तुसाचे, लहरी शोषणारे पिरॅमिड बनवून तपासलेही गेले आहेत. निमुळत्या टोकाकडून जाड बुडाकडे लहर हळूहळू आत शिरते, म्हणून तो आकार. कमी वारंवारितेच्या चुंबकीय गोंगाटासाठी मात्र मँगनीज-जस्त फेराइटच लागेल; मँगनीजच्या खाणी शेजारच्या भंडारा आणि बालाघाट जिल्ह्यांत आहेत.

तुसाचा कोळसा तांब्याची बरोबरी करणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. मोबाइलच्या आत त्याला जागा नाहीच. पण चाचणी-कक्षाच्या भिंतीला किंवा कंट्रोल पॅनेलच्या खोलीला जाडीची अडचण नसते, आणि 20 डेसिबल गाठले तरी 99 टक्के शक्ती अडते. जळण कमी पडेल, ही काळजीही अर्धीच खरी, कारण कोळसा होताना निघणारा वायू जाळून उष्णता मिळतेच. खरी अडचण एकसारखेपणाची आहे: धानाचे वाण, ओलावा आणि भट्टीचे तापमान बदलले की कोळशाची वाहकता बदलते. त्यामुळे प्रत्येक खेप मोजूनच घ्यावी लागेल, आणि अशा चाचण्यांची सोय मुंबईच्या ‘समीर’ संस्थेत आहे.