माय गेली कुवेतला

वऱ्हाडातील बायाबापड्या पोटासाठी घर सोडतात, हे नवीन नाही. कोणी मुंबई गाठली, कोणी पुणे. पण एखादी भगिनी घरकामासाठी थेट कुवेतला निघाली की बडनेऱ्याच्या फलाटावर सारे घर रडते आणि गाडी हलली की आपले काम संपले असे समजून परत येते. आमच्या मते घरच्यांचे काम तिथूनच सुरू होते.

पहिले तीन महिने जड जातात. उन्हाचे आपल्या अकोल्याच्या बाईला काय नवल! पण बंद घरातली रात्रंदिवस थंड हवा सोसत नाही. रमजानच्या महिन्यात स्वयंपाक रात्री उशिरापर्यंत चालतो आणि पहाटेपूर्वी पुन्हा उठावे लागते. भाषा कळत नाही. तिथे पाण्याला ‘माय’ म्हणतात. घरी लेकरे सोडून आलेल्या बाईने हा शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकायचा!

अशा वेळी इकडून फोन जातो, “पैसे कवा धाडतं वं?” कर्ज काढून पाठवले असते, सावकार दारात असतो, हे आम्ही जाणतो. तरी पहिला प्रश्न जेवलीस काय, झोप होते काय, हा असावा. तिथले घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे. आपण रात्री नऊला फोन लावतो तेव्हा तिथे साडेसहा वाजलेले असतात आणि ती चुलीपाशी असते. शुक्रवारी तिथे सुटी, म्हणजे घरात पाहुणे आणि तिला दुप्पट काम. तेव्हा फोनचा वार आणि वेळ तिलाच ठरवू द्यावी. तिने धाडलेला पैसा तिच्याच नावच्या खात्यात पडावा, हेही नवरोबांना आधीच सांगून ठेवावे.

कुवेतने २०१५ साली घरकामगारांसाठी कायदा केला. दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम, आठवड्याला एक सुटी, वर्षाला तीस दिवस पगारी रजा. मालकाने पासपोर्ट ठेवून घेणे त्यात मना आहे. पण हे तिला ठाऊक नसेल तर कायदा कपाटातच राहतो. म्हणून निघण्याआधीच तिला हे वाचून दाखवावे.

दहावी न झालेल्या बाईला घरकामासाठी तिकडे जायचे तर वय तीस पूर्ण लागते आणि सरकारी परवानगी लागते. “फिरायच्या व्हिसावर चला, परवानगीची भानगड नाही,” असे दलाल म्हणाला तर त्याला चहासुद्धा पाजू नये.

पासपोर्ट, व्हिसा, करारनामा यांच्या झेरॉक्स, मालकाचे नाव-पत्ता आणि भारतीय दूतावासाचा नंबर एका पिशवीत घरी ठेवावा. मालकीण शेजारी उभी असली तर बाई फोनवर मोकळे बोलत नाही. त्यासाठी आधीच एक खूण ठरवावी. “बकरी व्याली काय वं?” असे तिने विचारले आणि घरी बकरीच नसेल, तर पिशवी काढून त्याच दिवशी दूतावासाला फोन लावावा आणि परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’वर तक्रार नोंदवावी.