माळ्यावरचा गणवेश

हैदराबादच्या नारायणगुड्यात केशव मेमोरियल ही शिक्षणसंस्था आहे. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ त्यांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार यांनी १९४० साली तिचा पाया घातला. पित्याचे नाव असे चिरस्थायी करण्याचे भाग्य थोड्यांनाच लाभते. ज्या घरचे आजोबा फौजेत साधे शिपाई होते, त्या घराजवळ स्मारक म्हणून असते ती माळ्यावरची पत्र्याची ट्रंक आणि तीत घडी करून ठेवलेला खाकी गणवेश.

परंतु हा गणवेश बाहेर काढताना मन कचरते. नोकरी कोणाची केली, हा प्रश्न आड येतो. हैदराबादेत तर तो अधिकच अवघड. निजामाचे घोडेस्वार १९१८ साली पॅलेस्टाइनच्या आघाडीवर होते. दिल्लीचे तीन मूर्ती स्मारक जोधपूर व म्हैसूरच्या स्वारांबरोबर त्यांचेही आहे. त्याच निजामाची फौज सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्यापुढे उभी ठाकली आणि काही दिवसांतच शरण आली. नेताजींचे सहकारी आबिद हसन सफरानी हेही याच शहरचे. एकाच गावच्या नातवंडांच्या हाती असे तीन परस्परविरोधी गणवेश येऊ शकतात.

कोकणाला हा पेच परका नाही. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत मराठा पलटणीतून लढताना धारातीर्थी पडले. तुकडीतील साथीदार कोसळल्यावर शत्रूच्या मशीनगनवर ते एकटे चालून गेले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचे स्मारक आहे. २०२३ साली इटलीतील मोन्तोने गावानेही त्यांच्या नावे स्मारक उभारले. मात्र दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरात गेली होती. त्यांतील बहुसंख्यांची आठवण घरच्यांनी राखली तरच राहणार.

स्वातंत्र्यलढ्याच्या पिढीने या गणवेशाकडे पाठ फिरवली, ते त्या काळाला धरूनच होते. आज साम्राज्यही नाही आणि निजामशाहीही नाही. उरला आहे तो पोटासाठी, घराण्याच्या रिवाजाने किंवा केवळ तरुणपणाच्या ओढीने घर सोडून गेलेला माणूस. त्याला आठवणे म्हणजे त्याच्या धन्याचा जयजयकार करणे नव्हे. त्याने कोणाची चाकरी केली हे लपवूही नये, आणि तेवढ्यासाठी त्याला घरातून हद्दपारही करू नये.

म्हणून ट्रंक उघडावी. खांद्यावरची पितळी अक्षरे, बटणांवरची चिन्हे, पदकांच्या फितींचे रंग यांवरून पलटण आणि मोहीम ओळखता येते. बऱ्याच पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक व नाव कोरलेले असते. परमुलखात पडलेल्यांच्या नोंदी राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने जतन केल्या आहेत. मराठा पलटणीचे केंद्र बेळगावात आहे. तेथे विचारपूस करता येईल. घरच्या वृद्धांना जे आठवते ते तारीखवार लिहून घ्यावे. लोकरीच्या कापडाला कसर लागते, आणि सांगणारी माणसेही दरवर्षी कमी होत जातात.

नातवाने गणवेशाच्या बाहीवरून हात फिरवून “आजोबा कुठे होते?” असे विचारले, तर उत्तर देणारे कोणी घरात असले पाहिजे. ती तयारी आजच करावयास हवी.